गॅस संपत नाही

होळी झाली की भिवंडीत आमचा सीझन सुरू होतो. कल्याण नाक्याकडून, अंजूरफाट्याकडून, पार पडघ्यापासून गाड्या येतात. गाडीतून उतरणारा माणूस तक्रार सांगत नाही, थेट उपायच सांगतो. "एसी कूलिंग देत नाही. गॅस कमी झालाय, तेवढा भरून द्या." मग तो कारखान्याचा शेठ असो, टुरिस्ट गाडी चालवणारा असो, नाहीतर सुट्टीला गावी निघालेले मास्तर असोत. गाड्यांच्या एसीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि या वाक्याला लगेच होकार द्यायचा नाही, हा माझा शिरस्ता आहे. गॅस हा पेट्रोलसारखा जळून जाणारा माल नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षाकाठी अगदी थोडा झिरपतो, तेवढं सोडलं तर गळती नसलेल्या गाडीत तो वर्षानुवर्षं टिकतो. पण गॅस भरणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं आणि झटपट पैसे देणारं काम आहे. म्हणूनच ते सगळ्यात जास्त वेळा विनाकारण केलं जातं, आणि मला त्याचा राग येतो.

एसी थंड हवा तयार करत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. माठ डोळ्यासमोर आणा. मातीतून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडताना माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एसीतही हेच घडतं. फक्त पाण्याच्या जागी आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो, जो उघड्यावर उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते. तिच्यात तो कमी दाबाखाली उकळतो आणि वरून जाणाऱ्या हवेतली उष्णता ओढून घेतो. माठावरची वाफ हवेत उडून जाते, इथे ती कॉम्प्रेसर खेचतो, दाबतो आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. दाबल्यामुळे ती बाहेरच्या हवेपेक्षा बरीच जास्त तापलेली असते, म्हणूनच बाहेरची हवा तिची उष्णता काढून घेऊ शकते. वाफेचा द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना त्याचा दाब कोसळतो आणि तो पुन्हा कॉइलमध्ये येतो. छोट्या गाडीत हा सगळा खेळ साधारण ४०० ग्रॅम गॅसवर चालतो.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड करताना हे फळ्यावर शिकलो, पण ते हाताला कळलं धामणकर नाक्याजवळच्या एका गॅरेजात. तिथले उस्ताद गेज लावायच्या आधी बॉनेट उघडून दोन नळ्यांना हात लावायला लावत. कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारी जाड नळी गार आणि घामेजलेली हवी. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणारी नळी हात टिकणार नाही इतकी गरम हवी. दोन्हींत फरक लागला नाही तर कॉम्प्रेसर दाबतच नाही किंवा आत गॅस नाही. दुसरी नळी भलतीच तापली असेल तर गॅस आहे, पण उष्णता बाहेर पडत नाही. बोटं काय सांगतात ते ऐकून झालं की मग निळा आणि लाल गेज.

गेजवरचे आकडे दाबाचे असतात, पण आम्ही त्यांत तापमान वाचतो. आर-१३४ए च्या बाबतीत लो साईडला ३० पीएसआय म्हणजे कॉइलमध्ये एक-दीड अंश. हाय साईडला २०० म्हणजे कंडेन्सरमध्ये ५४-५५ अंश. बाहेर ३५ अंश असताना २०० ते २५० हा निरोगी आकडा. कंडेन्सर आणि बाहेरची हवा यांत वीस-पंचवीस अंशांचा उतार असेल तर उष्णता त्या उतारावरून भराभर निघून जाते. उतार कमी झाला की तुंबते.

भिवंडीत ती तुंबण्याची पहिली जागा कंडेन्सर. हे यंत्रमागांचं शहर. मागावर सूत चालतं तेव्हा कापसाचे बारीक तंतू सतत उडतात. ते पत्र्यांवर बसतात, विजेच्या तारांवर लोंबतात, कामगारांच्या भुवयांवर दिसतात आणि त्यांच्या छातीतही जातात. गाडीचा पंखा पुढून हवा खेचतो तेव्हा हे तंतू कंडेन्सरच्या जाळीत अडकतात. त्यावर रस्त्याची धूळ बसते, पावसात सगळं भिजतं, सुकतं आणि घट्ट थर तयार होतो. दुसऱ्या शहरात कंडेन्सरवर माती निघते, किडे निघतात. इथे बोटानं खेचलं तर तुकडा सोलून येतो.

एका शेठची गाडी आली होती. सहा महिन्यांत दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता आणि दोन्ही वेळा चार-आठ दिवसांत तक्रार परत. मी विचारलं, "शेठ, गाडी रात्री कुठे लावता?" त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. कारखान्याच्या मागच्या गल्लीत, म्हणाले. त्या गल्लीत शेडचे एक्झॉस्ट पंखे उघडतात. गेज लावला तर हाय साईड ३५० च्या वर चढत होती, लो साईड ६० वर. ६० म्हणजे कॉइल १७ अंशांवर. तिच्यावरून येणारी हवा कितीही जोरात मारली तरी गार कशी लागणार? थोड्या वेळानं दाब इतका वाढला की प्रेशर स्विचनं कॉम्प्रेसरच बंद पाडला. गाडीत गॅस कमी नव्हता, उलट दोनदा भरल्यामुळे जास्तच झाला होता. जास्तीचा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमध्ये साचतो आणि उष्णता टाकायची जागा अडवतो. म्हणजे आजारावर औषध म्हणून आजारच वाढवला होता.

बंपर उतरवला. पुढून कंडेन्सर बरा दिसत होता. खरा थर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत होता, जिथे धुणाऱ्याचा पाईप कधी पोचत नाही. कंडेन्सर ब्रॅकेटवरून सोडवून पुढे घेतला, मऊ ब्रशनं तंतू काढले आणि मागून पुढे साध्या दाबानं पाणी मारलं. वॉशिंग सेंटरचा जोराचा पंप इथे चालत नाही, त्यानं जाळीची पातळ पानं वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. मग गॅस मशीनमध्ये काढून घेतला आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच परत भरला. हाय साईड २३० वर स्थिरावली. ग्रिलमध्ये थर्मामीटर लावला तर गाडी उभी असताना ८ अंश. शेठना एवढंच सांगितलं की गाडी लावायची जागा बदला आणि दर पावसाळ्यानंतर कंडेन्सर साफ करून घ्या.

दुसरी तक्रार आमच्या रस्त्यांनी शिकवलेली. "गाडी पळते तेव्हा थंड, थांबली की गरम." माणकोलीला, राजणोली नाक्यावर, कशेळीच्या पुलाकडे जाताना कंटेनरच्या रांगेत अडकलेला माणूस हेच सांगतो. यात दोन गोष्टी आहेत. कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ७००-८०० फेरे घेतं, म्हणजे कॉम्प्रेसरही संथ आणि गॅसचा फेराही संथ. हायवेला वाऱ्याचा झोत आपोआप कंडेन्सरमधून जातो, उभ्या गाडीत सगळी भिस्त त्या एका पंख्यावर. शिवाय पुढच्या ट्रकच्या इंजिनची आणि डांबराची धग मिळून बंपरसमोरची हवा हवामानखात्याच्या आकड्यापेक्षा खूपच तापलेली असते. उतार तिथेच मोडतो. नवी कोरी गाडीही अशा रांगेत दोन-चार अंशांनी कमी थंड करते. ते बिघाड नव्हे, हे ग्राहकाला समजावून सांगणं हेही आमचं काम आहे.

पण पंख्याची मोटर थकलेली असेल तर तो बिघाड. पंखा फिरताना दिसतो म्हणून तो ठीक आहे असं नाही. ब्रश झिजले की तो फिरतो पण हवा खेचत नाही. यासाठी एक साधी परीक्षा आहे. एसी चालू ठेवायचा आणि कंडेन्सरवर मग्गाभर पाणी टाकायचं. मिनिटभरात आतली हवा झपाट्यानं गार झाली तर गॅस, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह सगळे कामावर आहेत, अडचण फक्त उष्णता बाहेर टाकण्याची आहे. पाण्यानं काहीच फरक पडला नाही तर शोध दुसरीकडे. एक रुपया खर्च न होता निम्मा प्रश्न सुटतो.

नाशिकला नियमित जाणारे ड्रायव्हर मला सांगतात की घाट चढून गेलं की एसी सुधारतो. कसाऱ्याच्या चढावर उलट तो मंदावतो, कारण बऱ्याच छोट्या गाड्यांत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनला ताकद मिळावी म्हणून कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडला जातो. पण वर पोचल्यावर खरंच फरक पडतो आणि त्याचं कारण गाडीत नाही, हवेत आहे. आमच्याकडे मे महिन्यात ३३ अंश आणि ६५ टक्के दमटपणा असला तर एक घनमीटर हवेत २० ग्रॅमहून जास्त पाणी असतं. नाशिकच्या ३८ अंशांच्या कोरड्या दुपारी त्याच्या निम्मंही नसतं. कूलिंग कॉइलला हवा गार करताना हे पाणी आधी काढावं लागतं, आणि वाफेचं पाणी करण्यात तिची बरीचशी ताकद जाते. माठसुद्धा नाशिकला जितका गार करतो तितका खाडीकाठच्या गावात करत नाही. दोन्हींचा वैरी एकच.

गंमत म्हणजे एअर कंडिशनिंगची सुरुवातच दमटपणाशी झाली. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात ओलसर हवेनं कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरनं तिथली हवा आवरायला यंत्र आखलं. आमच्या मागवाल्यांना नेमकं उलट लागतं, सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये ओलावा हवा. तो ओलावा आणि खाडीचा ओलावा मिळून इथल्या गाडीच्या कॉइलवर येतो.

म्हणून मी रिसर्क्युलेशनच्या बटणाबद्दल इतका आग्रह धरतो. ते दाबलेलं असेल तर आतलीच, एकदा कोरडी केलेली हवा परत कॉइलवर जाते. नसेल तर प्रत्येक क्षणाला बाहेरची ओली, तापलेली हवा नव्यानं सुकवावी लागते. कितीतरी लोक हे बटण वर्षभर चुकीच्या बाजूला ठेवून गॅस भरायला येतात. फक्त उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काचा खाली घेऊन आतली भट्टी बाहेर जाऊ द्यावी, आणि लांबच्या प्रवासात अधूनमधून ताजी हवा घ्यावी. गाडीखाली टपटप पाणी पडलं की घाबरून येणारे काकाही असतात. ते पाणी कॉइलनं हवेतून काढलेलं असतं. पडतंय तेच चांगलं. ते बाहेर न पडता पुढच्या सीटच्या पायाशी आलं तर मात्र ड्रेन पाईप तुंबला आहे.

आता गॅस खरोखर कमी असतो तेव्हाचं. तो कमी असतो म्हणजे कुठूनतरी गेलेला असतो. जोडांवरची ओ-रिंग कडक होते, कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील झिजतं, खडीच्या डंपरमागे गाडी चालवली की कंडेन्सरला दगड बसतो. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, म्हणून जिथे नळीवर तेलकट धूळ चिकटलेली दिसते तिथे आधी बघायचं. आत नायट्रोजनचा दाब द्यायचा आणि साबणाच्या फेसानं बुडबुडे शोधायचे. गळती बंद केली की निदान अर्धा तास व्हॅक्यूम. या अर्ध्या तासाचा कंटाळा करणारे पुष्कळ आहेत. नळ्यांत राहिलेली ओल व्हॅक्यूममध्ये उकळून निघून जाते. ती राहिली तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रापाशी तिचा बर्फ होतो. मग एसी थोडा वेळ चालतो, थांबतो, बर्फ वितळला की परत चालतो आणि ग्राहक हैराण होतो. गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. "अंदाजानं मारला" हे शब्द ऐकले की ते गॅरेज सोडावं.

स्वस्तातला गॅस म्हणून काही ठिकाणी सिलिंडरच्या गॅसच्या जातीचं मिश्रण भरलं जातं. थंड तोही करतो. पण तो पेट घेतो, आणि कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर असते. याबद्दल मला कुणाशी वाद घालायचा नाही, मी तो भरत नाही.

जुना आर-१२ ओझोनच्या थराला मारक ठरला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभरातून हळूहळू गेला आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत आपल्या नव्या गाड्यांतूनही गेला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात एक किलो आर-१३४ए हा सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. हिशेब केला तर एका छोट्या गाडीतला ४०० ग्रॅम गॅस हवेत सोडणं हे जवळजवळ अडीचशे लिटर पेट्रोल जाळण्याइतकं आहे. गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरणारा दर उन्हाळ्यात हेच करतो. पिन दाबून फस्स करून गॅस सोडून देणारा मेकॅनिक मला म्हणूनच सहन होत नाही.

राहिल्या आतल्या गोष्टी. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर भिवंडीत वर्षभर टिकत नाही, सुताच्या तंतूंनी गच्च होतो. हवा गार असते पण येतच नाही. तासभर प्रवासानंतर झोत कमी होत गेला आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर सुधारला, तर कॉइलवर बर्फ जमतोय. वेळेवर कॉम्प्रेसर थांबवणारा थर्मिस्टर तपासा. एका बाजूच्या ग्रिलमधून कोमट हवा येत असेल तर हीटरचा फ्लॅप नीट मिटत नसण्याची शक्यता असते. यांतल्या कशालाही गॅस लागत नाही. काळ्या फिल्मबद्दलही लोक विचारतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हापासून मी हा सल्ला देत नाही. सावलीत गाडी लावणं आणि उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून पडदा लावणं, याचा उपयोग डोळ्यांना दिसतो.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे ट्रकवाले येऊ लागले आहेत. वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर या गावांत भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत. देशभरातला माल इथे उतरतो आणि चढतो. माल उतरेपर्यंत ड्रायव्हर पत्र्याच्या केबिनमध्ये इंजिनच्या कडेला बसलेला असतो, दुपारी, मे महिन्यात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, हे मला फार वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं असं वाटतं. पण जुने ट्रक अजून पुष्कळ वर्षं चालणार. त्यांचे ड्रायव्हर भाऊ बाहेरून एसी बसवून घ्यायला विचारतात, तेव्हा मी मालकाला फोन लावून द्यायला सांगतो आणि खर्च त्यांच्याशी बोलतो. तो खर्च ड्रायव्हरनं का करावा? आणि एसी बसवलेल्या ट्रकलाही तोच कंडेन्सर असतो, तीच धूळ असते. नवा ट्रक घेणाऱ्या प्रत्येक मालकानं सर्व्हिसच्या यादीत कंडेन्सरची सफाई लिहून घ्यावी, नाहीतर दोन उन्हाळ्यांत ती सक्ती कागदावर राहील.

तुम्हीही यंदा गाडी घेऊन एखाद्या गॅरेजात जाल. तिथे "गॅस भरा" असं म्हणू नका. एसी कधी बिघडतो ते सांगा: थांबल्यावर की पळताना, सकाळी की दुपारी, सुरुवातीलाच की तासाभरानं. दोन्ही गेजचे आकडे डोळ्यांनी बघा. गॅस खरंच कमी निघाला तर तो कुठून गेला ते दाखवायला सांगा, आणि ती जागा बंद झाल्याशिवाय एक ग्रॅमही भरू देऊ नका.